भिंतीवरचा तक्ता आणि रक्तातली साखर

प्रश्न : माझं वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. दवाखान्यात टांगलेल्या उंची-वजनाच्या तक्त्यात मी अगदी बरोबर बसतो. तरी गेल्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली. माझे मेहुणे माझ्याच उंचीचे, पण ७६ किलोचे, रोज तालमीत जाणारे. त्यांचे सगळे रिपोर्ट चांगले! मग हे तक्ते काढले कुणी, आणि कशावरून?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : असे तक्ते घरोघरी पोचवले ते विमा कंपनीनं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफनं १९४२-४३ मध्ये विमेदारांच्या नोंदी चाळल्या, कोणत्या उंचीला किती वजनाची माणसं जास्त जगली ते पाहिलं आणि ‘आदर्श वजना’चे तक्ते छापले. हप्ता ठरवायला हा हिशेब पुरेसा होता. हजार विमेदारांपैकी साधारण किती जण लवकर जातील, एवढंच कंपनीला हवं असतं. त्यात तुम्ही असाल की तुमचे मेहुणे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

त्यातही गमती फार. विमेदार बहुतेक गोरे, खाऊनपिऊन सुखी अमेरिकन. वजनं कपड्या-बुटांसकट, १९८३ च्या आवृत्तीत पुरुषांच्या कपड्यांचे ५ पौंड आणि टाचेचा १ इंच धरलेला आहे. लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने होते, पण सुरुवातीच्या तक्त्यांसाठी विमेदारांचा बांधा कुणी मोजलाच नव्हता. कोपराच्या हाडाची रुंदी पाहून बांधा ठरवायची सूचना १९८३ मध्ये आली. तोवर पोट सुटलेला प्रत्येक गृहस्थ मोठ्या बांध्याच्या रकान्यात शिरत असणार, असा आपला माझा अंदाज.

हल्ली भिंतीवर बीएमआयचा तक्ता असतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाचं, १८३२ चं. तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता, रोगी नव्हे. बीएमआय हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, तेही लोकसमूहांची तुलना करण्यासाठी. काटा स्नायू, हाडं आणि चरबी एकत्रच तोलतो. मेहुण्यांचा बीएमआय जवळपास २७ भरतो, पण त्यात तालमीतल्या मेहनतीचा वाटा किती, हे काटा सांगत नाही.

तुमचा बीएमआय २२.७. आता एक पुण्याची गोष्ट ऐका. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःलाच मोजलं आणि ते २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दुपटीहून जास्त, आणि काट्याला पत्ता नाही. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं बरीच टिकलेली. म्हणजे हातपाय काटकुळे आणि चरबी मात्र बरीच, ही आपली ठेवण जन्मापासूनची. तुमचं असंच असेल असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण तक्त्यात बसूनही साखर वाढू शकते ती अशा लपलेल्या चरबीमुळे.

म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त धरावं, असं इथल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ठरवलं. दवाखान्यातला तक्ता कोणती रेघ धरतो, ते एकदा पाहा. पण तुम्ही २३ च्याही आत आहात, त्यामुळे शिंप्याची टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून माप घ्या. पँटचा नंबर चालणार नाही, ती आपण पोटाखाली घालतो. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही भारतीयांसाठीची मर्यादा. माप उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तुमच्या बाबतीत ८४ च्या आत, असेल तर अधिक बरं. आई-वडिलांना मधुमेह होता का, तेही डॉक्टरांना सांगा आणि एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्या. टेप मेहुण्यांनाही लावा. तालीम सुटल्यावर पैलवानांची पोटं कशी सुटतात, हे तुमच्या भागात मी सांगायला नको.