लहान रेघ, मोठी रेघ

लातूर रोडहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हे स्थानक आहे. या मार्गाचे नाव 'लातूर रोड–परळी' असे, मध्ये एक रेघ देऊन छापतात. ही रेघ किती लांब असावी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु इंग्रजी मुद्रणात अशा रेघांची तीन मापे आहेत आणि प्रत्येकीचे काम निराळे आहे.

सर्वांत आखूड रेघ म्हणजे हायफन. ती शब्दांना जोडते, म्हणून मराठीत तिला संयोगचिन्ह म्हणतात. 'ट्वेंटी-वन' यासारखे आकडे अक्षरी लिहिताना ती लागतेच. घाटनांदूरजवळच्या अंबाजोगाईस कवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांना 'ए वेल-नोन पोएट' म्हणताना मध्ये हायफन येतो; 'द पोएट इज वेल नोन' म्हणताना तो बहुधा गळतो. कारण पहिल्या वाक्यात दोन शब्द मिळून पुढील नामाचे एकच विशेषण होते.

हायफन चुकला, तर कधी कधी अर्थाचा अनर्थ होतो. इंग्रजीत 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणे. त्याच अक्षरांत पहिल्या दोहोंनंतर हायफन घातला की शब्द होतो 'री-साइन', म्हणजे पुन्हा सही करणे. समजा, घाटनांदूरच्या एखाद्या कारकुनाने मुंबईच्या कचेरीस कळविले की, 'मी करारावर पुन्हा सही करण्यास तयार आहे', आणि घाईत एवढीशी रेघ राहून गेली. बिचाऱ्याची नोकरी जावयाची!

मधली रेघ म्हणजे एन डॅश. ती 'पासून–पर्यंत' दाखविते. लोहमार्गाच्या नावात तीच असते. '१९३९–१९४५' असा महायुद्धाचा काळही तिनेच लिहितात.

सर्वांत लांब एम डॅश. 'गाडी आली—पण थांबली नाही' अशा वाक्यात विचार एकाएकी वळतो, तेथे ती येते. ती जोडीत नाही, बाजूस सारते. म्हणून मराठीत तिचे नाव अपसारणचिन्ह. इंग्रजी नावांपेक्षा ही मराठी नावे अधिक बोलकी आहेत. वस्तुतः ही चिन्हे मराठीत इंग्रजीवरूनच आली. जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारशी विरामचिन्हे नसत. मेजर कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ती मराठी वाचकांना समजावून दिली.

इंग्लंडातील पुष्कळ मुद्रक लांब रेघेऐवजी मधलीच रेघ, दोन्हीकडे जागा सोडून, छापतात. दोन्ही रीती ग्राह्य आहेत. एका लेखात मात्र एकच पाळावी. टंकलेखन यंत्रावर बहुधा आखूड रेघेचीच कळ असे. म्हणून लांब रेघेसाठी ती लागोपाठ दोनदा दाबण्याची रीत पडली.