आखूड तारेचा खर्ज

हिंगोली जिल्ह्यातील साखरा गाव घ्या, किंवा तुमचे स्वतःचे गाव घ्या. अखंड हरिनाम सप्ताहात तुम्ही एक गोष्ट नक्की पाहिली असेल. सातही दिवस वीणा खाली टेकू देत नाहीत. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारेकरी उंचापुरा गडी असो की बारा वर्षांचा मुलगा, वीणा तीच असते आणि दोघांनाही ती चालते. असे का? कारण तिच्या तारा मोकळ्याच छेडायच्या असतात. निरनिराळे स्वर काढण्यासाठी त्या ठिकठिकाणी बोटांनी दाबायच्या नसतात.

आता वाद्यवृंदातील बास गिटार आठवा. तिला जाड अशा चार तारा असतात. ढोलकीच्या बरोबरीने खालचा, घुमणारा स्वर देण्याचे काम तिचे. ही वाजवायची तर डाव्या हाताची बोटे लांब दांडीवर ताणून तारा दाबाव्या लागतात. आठवीतल्या मुलामुलींचा हात तिथवर पुरत नाही. मग त्यांना उत्तर मिळते, "हात मोठा होईपर्यंत थांबा." पण हात मोठा होण्याची वाट पाहण्याऐवजी वाद्यच लहान केले तर? तसे केल्यावर स्वर मात्र तितकाच खालचा राहील का? आज आपण अशा आखूड तारेच्या विजेवरील बास गिटारीची योजना कागदावर करू या. करवत हातात घ्यायची ती नंतर.

तारेचे तीन मालक

तार एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते त्या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. तिचे एकक हर्ट्‌झ. कंपनसंख्या कमी तितका स्वर खालचा. ती तीन गोष्टींवर ठरते : तारेची लांबी, तारेवरचा ताण आणि एक मीटर तारेचे वस्तुमान. हा नियम सतराव्या शतकात फ्रान्समधील मारँ मर्सेन यांनी मांडला. तार निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते. आणि तार मीटरमागे चौपट जड केली की कंपनसंख्या निम्मी होते.

सूत्ररूपाने असे लिहिता येईल :

ताण = (एक मीटर तारेचे वस्तुमान) × (२ × लांबी × कंपनसंख्या) यांचा वर्ग

येथे वर्ग फक्त कंसातील दुसऱ्या गटाचा करायचा, वस्तुमानाचा नाही. लांबी मीटरमध्ये व वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतले की ताण न्यूटनमध्ये मिळतो.

मिरजेचे कारागीर काय करतात?

वाद्य माणसाच्या मापाचे करण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतारी व तंबोरे बनवणारे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातील, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांपैकी, फरीदसाहेब हे सतार बनवू लागले, आणि पुढे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेथे पुरुष गायकांसाठी मोठा तंबोरा बनवतात आणि स्त्रियांसाठी लहान. स्त्रियांचा षड्ज बहुधा वरचा असतो. स्वर वर न्यायचा आहे, म्हणून तार आखूड. लांबी आणि स्वर येथे एकमेकांना साथ देतात.

आपले काम याच्या उलटे आहे, बरे का. आपल्याला तार आखूड हवी, पण स्वर मात्र वर जायला नको. लांबीने जे हिरावून घेतले ते आता ताणाकडून किंवा वस्तुमानाकडून भरून काढले पाहिजे. आपल्या योजनेचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे.

हिशोब करू या

अमेरिकेतील लिओ फेंडर यांची प्रसिद्ध बास गिटार १९५१ मध्ये बाजारात आली. तिच्या मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मि.मी. होती. हे माप आजही सर्रास वापरतात. आखूड बास साधारण ३० इंचांची, म्हणजे ७६२ मि.मी. असते. बीटल्स या चमूतील पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्ग येथे घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास याच आखूड जातीची. तेव्हा आखूड बास म्हणजे पोराटोरांचे खेळणे, असे मुळीच समजू नका.

बासच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्‌झ असते. तार मीटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ०.०३५ किलोग्रॅम भरते असे धरू.

लांब बास : २ × ०.८६४ × ४१.२ = ७१.२. याचा वर्ग सुमारे ५,०६८. त्याला ०.०३५ ने गुणले की ताण आला १७७ न्यूटन. म्हणजे तारेला सुमारे १८ किलोचे वजन टांगल्यासारखे झाले.

आखूड बास : २ × ०.७६२ × ४१.२ = ६२.८. याचा वर्ग सुमारे ३,९४२. ताण आला १३८ न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलो.

पाहिलेत? लांबी १२ टक्क्यांनी कमी केली, तर ताण २२ टक्क्यांनी उतरला. तार सैल पडली. सैल तार बोटाला मऊ लागते खरी, पण तिचा झोका मोठा असतो. ती पडद्यांवर आपटून खरखरते, आणि जोराने छेडली की स्वर क्षणभर वर चढतो.

मग ताण पुन्हा १७७ न्यूटन करायचा तर? १७७ ला ३,९४२ ने भागा. उत्तर ०.०४५ येईल. म्हणजे मीटरला ४५ ग्रॅमची तार हवी. तिची जाडी आधीच्या तारेपेक्षा सुमारे १३ टक्के अधिक होईल. पण येथेही काही द्यावेच लागते. जाड तार ताठ असते. ताठ तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट राहत नाहीत, थोडे वर सरकतात. मग आवाज गोल न येता दबका, बोथट येतो.

म्हणून बासची तार भरीव नसते. आत पोलादाची बारीक तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे घट्ट वेढे. वेढ्यांमुळे वजन वाढते, पण ताठपणा फारसा वाढत नाही. तंबोऱ्यातही खर्जाची तार पोलादाची न घेता पितळेची किंवा काशाची घेतात, कारण त्या धातू पोलादापेक्षा जड आहेत. दोन्हीकडे युक्ती एकच : लांबी न वाढवता वस्तुमान वाढवा.

आपण मध्यम मार्ग धरू. मीटरला ४० ग्रॅमची तार घेतली तर ताण सुमारे १५८ न्यूटन, म्हणजे १६ किलो येतो. तार अगदी सैलही नाही आणि फार ताठही नाही.

भोपळा का नको?

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला ४१.२ ने भागले तर या स्वराची तरंगलांबी ८ मीटरांहून अधिक निघते. इतक्या लांब तरंगासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून विजेशिवाय वाजणारी डबल बास माणसापेक्षा उंच असते, आणि म्हणूनच तंबोऱ्याला पंढरपूरकडचा भला मोठा भोपळा लावतात.

विजेच्या बासमध्ये हवा हलवण्याचे काम वाद्य करीत नाही, ते दूरचा ध्वनिक्षेपक करतो. तारेखाली लोहचुंबक असतो व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा मायकेल फॅरडे यांचा १८३१ मधील शोध. पितळेची किंवा नायलॉनची तार येथे चालणार नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. भोपळ्याची गरज संपली, म्हणून वाद्याचे अंग लहान करता आले.

पडदे कोठे ठोकायचे?

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. चुकले तर सरकवता येतात. बासचे पडदे मात्र खाचेत ठोकून बसवतात. खाच एकदा पडली की पडली. म्हणून हा हिशोब आधी.

सप्तकात बारा समान पायऱ्या असतात. उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे, तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. ७६२ मि.मी. तारेसाठी वरच्या टोकाच्या पट्टीपासून अंतरे मि.मी.मध्ये अशी येतात :

पहिला ४२.८, दुसरा ८३.१, तिसरा १२१.२, चौथा १५७.२, पाचवा १९१.१, सहावा २२३.२, सातवा २५३.४, आठवा २८२.०, नववा ३०८.९, दहावा ३३४.३, अकरावा ३५८.३, बारावा ३८१.०.

बारावा पडदा बरोबर मध्यावर आला. तो तसा आला नाही तर हिशोब चुकला असे समजा. मोजताना प्रत्येक अंतर वरच्या पट्टीपासूनच मोजा. एका पडद्यापासून दुसरा मोजत गेलात आणि दर वेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक एकाच बाजूला झाली, तर बाराव्या पडद्यावर ती ६ मि.मी. होईल आणि वाद्य कायमचे बेसूर होईल.

आता आपला मूळ प्रश्न. पहिल्या ते चौथ्या पडद्याचे अंतर लांब बासवर सुमारे १३० मि.मी. असते, आखूड बासवर ११४ मि.मी. फरक १६ मि.मी. फुटपट्टीवर हे अंतर किरकोळ दिसते. पण पट्टी टेबलावर ठेवा, तर्जनी शून्यावर व करंगळी ११४ वर टेकवा. मग ती १३० पर्यंत ताणून पाहा. इतका वेळ आपण हिशोब कशासाठी केला ते तुमची करंगळीच सांगेल.

आणखी तीन सूचना

पहिली : चार तारा मिळून दांडीला सुमारे ६४ किलोच्या जोराने ओढतात. एक मोठा माणूस दांडीला कायमचा लटकला आहे असे समजा. म्हणून दांडी सरळ रेषांच्या लाकडाचीच घ्यावी आणि तिच्या आत ताण कमीजास्त करता येणारी पोलादी सळई बसवावी.

दुसरी : तार पडद्यावर दाबली की ती जराशी ताणली जाते व स्वर किंचित चढतो. म्हणून घोडी ७६२ मि.मी.वर पक्की ठोकू नका. प्रत्येक तारेचा टेकू थोडा मागेपुढे सरकणारा हवा.

तिसरी : खुंट्या लोखंडी व जड असतात आणि त्या दांडीच्या अगदी टोकाला असतात. तरफेचा नियम आठवा : वजन तेच, पण टेकूपासून दूर, म्हणून परिणाम मोठा. गळ्यातील पट्ट्याची वरची कडी शक्यतो बाराव्या पडद्याच्या समोर आणा, नाहीतर दांडी सतत खाली झुकेल आणि डावा हात तिला सावरण्यातच थकेल.

करून पाहा

एक मीटर लांबीची फळी टेबलावर ठेवा. सतारीची पोलादी तार एका टोकाच्या खिळ्याला बांधा, दुसऱ्या टोकाला कप्पीवरून खाली सोडा आणि तिला डबा टांगा. डब्यात पाणी भरून डब्यासह वजन ४ किलो करा. तारेखाली दोन त्रिकोणी ठोकळे ८० सें.मी. अंतरावर सरकवा, तार छेडा व स्वर ध्यानात ठेवा. मोबाईलवर स्वर मोजण्याची सोय असेल तर कंपनसंख्या लिहून घ्या.

आता ठोकळे ६० सें.मी.वर आणा. स्वर चढेल. मग डब्यातील पाणी थोडे थोडे काढत जा, पहिला स्वर परत येईपर्यंत. डबा पुन्हा तोला. लांबी पाऊणपट झाली, तेव्हा ताण तीन चतुर्थांशाच्या वर्गाइतका, म्हणजे ४ किलोचे ९/१६, सव्वादोन किलोच्या आसपास उरायला हवा. फरक फार आला तर तार कप्पीवर घासत नाही ना, ते पाहा. हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखत करा. तार तुटली तर ती डोळ्याकडे उसळते, म्हणून तोंड तिच्या रेषेत आणू नका आणि डब्याखाली पाय ठेवू नका.

शेवटी दोन प्रश्न तुमच्यासाठी. तार २८ इंचांची केली आणि मीटरला ४० ग्रॅमचीच ठेवली, तर ४१.२ हर्ट्‌झसाठी ताण किती येईल? आणि तुमच्या स्वतःच्या बोटांचे माप घेऊन पहिल्या ते चौथ्या पडद्याचे अंतर ठरवले, तर तारेची लांबी किती हवी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल, आणि ते सर्वच बरोबर असतील. उत्तर आले की एक मोठा खाकी कागद घ्या, मधोमध सरळ रेघ मारा आणि तुमचे वाद्य पूर्ण आकारात काढा. कागदावरची रेघ खोडता येते, लाकडावरची खाच खोडता येत नाही.