दुधाच्या पिशवीवरील मजकूर आणि ग्राहकांचा विश्वास

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली साखर कारखान्यापाठोपाठ सहकारी दूध संघही उभा राहिला. सहकारी दूध व्यवसायात गावच्या संस्थेत दूध मोजले व तपासले जाते आणि त्यातील स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांच्या प्रमाणावर उत्पादकाचा दर ठरतो. त्यामुळे ‘आज फॅट किती लागली’ हा तेथील घराघरातील प्रश्न आहे. शहरातील ग्राहकाला मात्र दूध देणारा दिसत नाही. पूर्वी गवळी ओळखीचा असे, त्याच्याशी भांडताही येई. आता ती ओळख पिशवीवरील चार ओळींनी करून द्यावयाची असते.

वेष्टनावरील मजकुराचे बंधन नवे नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ आणि त्याखालील १९५५ च्या नियमांत ते होते. आता त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ने घेतली आहे. उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ माप, चौदा अंकी परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख या गोष्टी ग्राहक निदान अधूनमधून पाहतो. दुधाचा प्रकार मात्र तो क्वचितच वाचतो, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तेथेच असते.

टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. फुल क्रीम दुधात हेच प्रमाण अनुक्रमे ६ व ९ टक्के असते. टोन्ड दूध तापविल्यावर साय पातळ आली, की ‘पाणी घातले’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक ते दूध नियमाप्रमाणेच असू शकते. अशा संशयाने ग्राहक दुरावला, तर त्याची झळ अखेर दूध घालणाऱ्या कुटुंबालाच पोहोचते. सुट्या दुधाच्या बाबतीत वाचण्याजोगे वेष्टनच नसते, हेही येथे ध्यानात घ्यावे. शिक्षकांनी रिकाम्या पिशव्या वर्गात आणवून हे आकडे मुलांकडून वाचून घेतले, तर टक्केवारीचा पाठही आपोआप होईल.

शंका उरलीच, तर ग्राहकाला विहित शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास तसे सांगावे लागते. नमुना नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते.