उजनीचा रॉड समुद्रात चालेल का?

प्रश्न : उजनीत कटला धरतो. मित्राच्या बोटीतून मालवणला सुरमईसाठी ट्रोलिंग करायचे आहे. रॉड-रीळ कोणते घ्यावे? – एक वाचक, माढा

उत्तर : उजनीचा लांब, लवचीक रॉड घरीच ठेवा. तो गळ दूर फेकण्यासाठी असतो. ट्रोलिंगमध्ये गळ बोटच ओढते. साडेपाच-सहा फुटी, 30 पाउंड वर्गाचा आखूड, ताठ रॉड घ्या. 80 पाउंडांचे अवजड सामान सुरमईला लागत नाही, उगाच हात भरून येतात.

खरा पैसा रिळावर घाला. सुरमईची पहिली धाव फार जोरकस असते; तेव्हा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) अडखळला की तंगूस तुटलाच. लिव्हर ड्रॅगचे, किमान 300 मीटर तंगूस मावणारे रीळ उत्तम. ड्रॅग ताणकाट्यावर मोजूनच लावा : तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणजे इथे चार किलोंच्या आसपास. अंदाजाने मुळीच नको. सुरमईचे दात कात्रीसारखे, म्हणून गळाआधी वीतभर तार हवीच. बोट ताशी 9 ते 13 किलोमीटरने चालवा. परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जून-जुलैत मात्र जाऊ नका. मासेमारीबंदी असते, समुद्रही खवळलेला.