थंडी खालून येते

बहुतेक हिवाळ्यांत एक बातमी ठरलेली असते : निफाडला पारा पाच अंशांच्या खाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद वर्तमानपत्रांत छापून येते आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून मणी तडकू नयेत म्हणून जागत बसतात. नेमक्या याच दिवसांत नाशिकची कितीतरी कुटुंबं लेकरांना घेऊन तंबूत राहायला निघतात. नाताळची सुट्टी असते, आकाश निरभ्र असतं आणि गंगापूर, वैतरणा, भंडारदरा ही सगळी धरणं दोन-अडीच तासांच्या आत आहेत. आमचं घरही दर हिवाळ्यात जातं. मुलांनी वर्षातून एकदा तरी उघड्यावर रात्र काढावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे लिहिते आहे. एका वाईट रात्रीनंतर कायमचा नाद सोडून दिलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना थंडीने हरवलं नव्हतं, तंबूच्या अपुऱ्या तयारीने हरवलं होतं.

भंडारदऱ्याची आमची एक रात्र सांगते. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याभोवती आता शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तंबूंची सोय केली आहे. भात कापून झालेली खाचरं, समोर पाणी, मागे कळसूबाईची रांग. आम्ही अंथरायला हवा भरायच्या गाद्या नेल्या होत्या, पांघरायला दोन-दोन ब्लँकेटं आणि जाड रजया. मध्यरात्रीनंतर धाकटी कुडकुडायला लागली. तिच्यावर आणखी एक रजई टाकली, तरी तिची पाठ गारच. शेवटी ती माझ्या अंगावर झोपली. सकाळी शेतमालक चहा घेऊन आले. त्यांनी गाद्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, वरून कितीबी घ्या, खालून गार लागतंय. पेंढा का नाय मागितला?"

त्या एका वाक्यात थंडीतल्या तंबूचं निम्मं शास्त्र आहे. आपण झोपतो तेव्हा अंगाखालचं पांघरूण वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ते ऊब धरेनासं होतं. शरीराची उष्णता सरळ जमिनीत उतरत राहते. साध्या हवेच्या गादीत तर आतली हवा मोकळी फिरते. ऊब तिच्यात टिकत नाही. घरात पाहुण्यांसाठी ती गादी उत्तम, हिवाळ्यातल्या माळावर नाही. म्हणून पांघरुणाचा विचार नंतर करा, आधी अंथरुणाचा करा.

आता आमची रचना अशी असते. सगळ्यात खाली, तंबूच्या बाहेर, भाताचा कोरडा पेंढा. इगतपुरी आणि अकोले भागात तो मागितला तर सहज मिळतो. पसरण्याआधी नीट झटकून घ्यायचा, त्यात किडे असतात. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर तंबू. तंबूत आधी बंद पेशींच्या फोमच्या मॅट आणि त्यावर घोंगडी. घोंगडी अंगावर टोचते म्हणून मुलं कुरकुरतात, पण ती अंगाखाली असली की प्रश्नच येत नाही. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, ही तिची खरी किंमत. सुगी झाल्यावर सिन्नर, नांदगावकडच्या रानात मेंढ्या बसवणारे धनगर पालात राहतात ते घोंगडीच्याच भरवशावर. घोंगडी मिळाली नाही तर जाड सतरंज्या दुहेरी करून टाका. ताडपत्री मात्र तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं आत दुमडलेली हवी. ती बाहेर राहिली तर वरून ओघळलेलं दव तिच्यावर जमतं आणि थेट तळाखाली शिरतं.

जागा निवडायची विद्या मला द्राक्षबागायतदारांकडून मिळाली. त्यांना विचारा, बागेचा कोणता तुकडा आधी गारठतो? खोलगटातला. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि उताराने वाहत सखल भागात साचते. वाऱ्याची झुळूक नसली की ती तिथून हलत नाही. सगळ्यात जास्त थंडी सूर्योदयाच्या सुमारास पडते तेही याचमुळे. एरवी हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर थंडी असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शांत रात्री पाण्याकाठची खळगी बाजूच्या टेकाडापेक्षा जास्त गारठते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोसाठी पाण्याला अगदी लागून तंबू मागू नका. काठापासून मागे, थोड्या उंचवट्यावर, वाऱ्याला बांधाचा किंवा झुडपांचा आडोसा असलेली जागा घ्या. वाळकी फांदी डोक्यावर नसावी. दार वाऱ्याकडे करू नका. पूर्वेचं ऊन सकाळी लवकर मिळेल असं बघा, कारण त्या उन्हाची वाट मुलं फार आतुरतेने बघतात.

दुसरी गोष्ट ओलीची. सकाळी तंबूचं छत आतून ओलं दिसलं की लोक म्हणतात, तंबू गळका निघाला. बहुतेक वेळा ते पाणी आपलंच असतं. चार माणसं रात्रभर श्वास घेतात, अंगातूनही ओल निघत असते. सकाळपर्यंत सगळं मिळून लिटरभर पाणी सहज हवेत जातं. बाहेरून गार झालेल्या कापडाला ती वाफ लागली की तिचे थेंब होतात, ते थेंब पांघरुणावर पडतात आणि ओलं पांघरूण ऊब धरत नाही. थंडीच्या भीतीने तंबूची प्रत्येक फट बंद करणारं कुटुंब पहाटे जास्त कुडकुडतं ते यामुळे. वरच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाच. तंबू दोन थरांचा घ्या, आत श्वास घेणारं कापड आणि वर पाणी अडवणारं आच्छादन. या दोन थरांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. ते कुठेही एकमेकांना चिकटले की तिथून ओल आत येते. दोर नीट ताणायचे ते या अंतरासाठीही. ओले टॉवेल आणि बूट झोपायच्या भागात नकोत. आत पाणी उकळणं तर नकोच.

हिवाळा आहे, पाऊस कुठला, असं म्हणून वरचं आच्छादन घरी ठेवू नका. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि ऐन भरात आलेल्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. त्या वेळी आच्छादनाविना माळावर असलेल्या तंबूचं काय झालं असतं, याचा विचार करा.

तयारी सुरू होते घरच्या गच्चीवर, निघायच्या किमान आठवडाभर आधी. तंबू पिशवीतून काढा आणि पूर्ण उभा करा. खुंट्या मोजा. पोलच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. फायबरच्या पोलला उभी चीर गेली असेल तर तो थंडीत, ताणाखाली, हमखास मोडतो. आतलं रबर सैल झालं असेल तर बदलून घ्या. चेन दोन्ही बाजूंनी चालवून बघा, कारण पहाटे गारठलेल्या बोटांना अडकलेली चेन सुटत नाही. आच्छादनाची आतली बाजू चिकट लागत असेल, पापुद्रे सुटत असतील किंवा आंबूस वास येत असेल, तर त्यावरचा पाणी अडवणारा लेप गेला असं समजा. ते आच्छादन आता ताडपत्री म्हणूनच वापरा. मग झारीने वरून भरपूर पाणी घाला आणि अर्ध्या तासाने आत हात फिरवा. गळती सापडते ती बहुधा शिवणीत. शिवणीवर लावायचा सीलर मिळतो. तो लावून पूर्ण दिवस वाळू द्या.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या मुरमात आणि कातळात वाकतात. आपल्याकडची जमीन बेसॉल्टची, वीतभर मातीखाली दगड लागतो. हार्डवेअरच्या दुकानातून लांब, जाड लोखंडी खिळे आणि एक छोटा हातोडा घ्या. जिथे खिळा शिरतच नाही तिथे दोर मोठ्या दगडाला बांधा. म्हणून जास्तीचा दोर हवा. दोरांना पांढरी चिंधी बांधली तर अंधारात मुलं अडखळून पडत नाहीत.

आणखी दोन आकडे. तंबूवर "चार माणसांसाठी" लिहिलेलं असतं ते चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात असं धरून. मग कडेची दोघं भिंतीला टेकतात आणि भिजतात. चौघांना सहा माणसांचा तंबू घ्या. त्याहून मोठा नको, रिकामी जागा गारच राहते. झोपायच्या पिशवीवरच्या तापमानांपैकी फक्त "कम्फर्ट" हा आकडा बघा. "एक्स्ट्रीम" हा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, त्यात झोप नसते.

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते.

भंडारदऱ्याच्या त्याच काठावर पुढच्या एका हिवाळ्यात आमच्या शेजारच्या तंबूत एक कुटुंब होतं. आजी, आई-वडील, दोन मुलं. रात्री शेकोटी निवाली तेव्हा वडिलांनी घमेल्यात निखारे भरले आणि तंबूत नेऊन ठेवले. आजींना सांधेदुखी होती, काळजीपोटीच केलं. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, सगळ्यांना छान ऊब वाटत होती. तासाभराने त्यांची मोठी मुलगी डोकं दुखतंय म्हणत बाहेर आली आणि बांधावर उलटी केली. आई म्हणाली, जेवण बाधलं असेल. आमचे शेतमालक धावत आले, तंबूची चेन ओढून उघडली, घमेलं बाहेर फेकलं आणि सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढलं. आजींना उभं राहता येत नव्हतं. मोकळ्या हवेत हळूहळू सगळे सावरले आणि पहाटेच त्यांना दवाखान्यात नेलं. ती मुलगी बाहेर आली नसती तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून धस्स होतं.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं, म्हणून हवेत तो थोडा असला तरी पुरतो. धुमसणारा कोळसा धूर दाखवत नाही, पण हा वायू भरपूर सोडतो. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. थकलेल्या मुलाला झोप येते आहे असंच आईबापांना वाटतं आणि घात होतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी कुणीच उठलं नाही. त्यांत चार लहान मुलं होती. ती पक्क्या भिंतींची खोली होती. तंबू तर त्याहून कितीतरी लहान आणि दवाने ओलं झालेलं कापड हवा आणखी अडवतं. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे चालेल, हाही भ्रम आहे. शेगडी, निखारे, गॅसचा हीटर, कंदील यांतलं काहीही तंबूच्या आत नको, पाच मिनिटंही नको. बाहेरची शेकोटीसुद्धा लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, कारण नायलॉनला एक ठिणगी पुरते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत असाल तर आधी वनखात्याचे नियम विचारा, तिथे मनाला येईल तिथे आग पेटवता येत नाही. शेकोटी पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत विझवा. आणि तंबूत कुणाला अचानक डोकेदुखी किंवा उलटी झाली, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.

मग ऊब कशी मिळवायची? झोपण्याआधी अंगावरचे सगळे कपडे बदला, मोजे तर नक्कीच, कारण दिवसभराचा घाम त्यांत असतो. कानटोपी घाला. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, बाटली मोज्यात घाला आणि मुलांच्या पायांशी ठेवा. रात्री बाजरीची भाकरी आणि तूप-गूळ खाऊन झोपा. लघवीला जाऊन या, पण मुलांना एकटं सोडू नका आणि खाण्याचे डबे गाडीत ठेवा, कारण या सगळ्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. वयस्कर माणसांना थंडी सोसत नसेल तर त्यांच्यासाठी जवळच्या घरातली खोली घ्या. त्यात सहलीचं काही कमी होत नाही.

घरी आल्यावर तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर, शिवणी कोरड्या होईपर्यंत वाळवा. लेप सुटतो आणि बुरशी धरते ती या एका आळसामुळे.

शेवटी एक विनंती भंडारदरा, वैतरणा, गंगापूरच्या काठावर तंबूंची सोय करणाऱ्या माझ्या शेतकरी बांधवांना. पाहुणे रात्री गारठले की निखारे मागतात आणि पाहुण्याला नाही म्हणणं तुम्हाला जड जातं. तरी नाही म्हणा. त्यांना कोरडा पेंढा द्या, एक जादा घोंगडी द्या, गरम पाणी द्या. आणि तंबूच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवा : आत विस्तव न्यायचा नाही.