सही करण्याआधी ट्रे उघडून बघा

विद्यापीठाच्या प्रकल्पावर सहा महिन्यांसाठी नेमणूक झाली की हातात जे पत्र पडतं, त्यात पदाचं नाव असतं, एकत्रित मानधनाचा आकडा असतो आणि प्रकल्प संपताच नेमणूक आपोआप संपुष्टात येईल असं कलम असतं. हाडं कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्यात कुठेच नसतं. अर्भकांच्या सांगाड्यांवर काम करायचं असेल तर पुढचं सगळं मात्र त्याच एका गोष्टीवर ठरतं. पुरातत्त्वात एम.ए. करून अशा जागेसाठी अर्ज करणारी मुलंमुली मला विचारतात, मुलाखतीची तयारी काय करू? मी सांगते, मुलाखतीच्या दिवशीच भांडार दाखवायची विनंती करा. दाखवत नसतील तर त्यातही तुमचं उत्तर आलंच.

महाराष्ट्रात हे काम निघण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी लहान मुलं राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे, आत मूल, आणि वरून जमीन पुन्हा सारखी करायची. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला 1968 पासून 1983 पर्यंत हंगामामागून हंगाम उत्खनन झालं. तिथे दोनशेहून अधिक दफनं निघाली आणि त्यांतली बहुतेक मुलांची होती. नेवासे, दायमाबाद इथेही तीच रीत. (मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. त्यावर लोक तासन्‌तास बोलतात. मुलांकडे लक्ष जायला वेळ लागला.) इनामगावच्या सांगाड्यांचं सविस्तर वर्णन जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी 1986 साली ग्रंथरूपाने दिलं. ते चाळल्याशिवाय या वाटेला जाऊच नका.

पण सगळ्याच स्थळांचं नशीब इनामगावसारखं नसतं. पुष्कळ संग्रह खोक्यांत पडून राहतात. कधीतरी कुणाला तरी अनुदान मंजूर होतं आणि काही महिन्यांसाठी एक माणूस लागतो. तशी मी लागले. विद्यापीठाचं आणि स्थळाचं नाव घेत नाही. तिथे जे झालं ते थोड्याफार फरकाने कुठेही होतं.

प्रस्तावात लिहिलं होतं की अमुक इतक्या अर्भकांचं 'विश्लेषण' सहा महिन्यांत होईल. तो आकडा आला होता उत्खननाच्या दफन-नोंदवहीतून, म्हणजे नोंदवहीत जितके क्रमांक तितकी मुलं. प्रत्यक्षात कपाट उघडलं तेव्हा काही क्रमांकांच्या नावाने वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, काहींच्या नावाने कापसात गुंडाळलेली हाडं होती आणि काही कुंभ मातीसकट जसेच्या तसे होते, कधी रिकामेच न केलेले. पुडीवरच्या वर्तमानपत्राची तारीख बघायची सवय लावून घ्या. शेवटचा हात कधी लागला ते बरोबर कळतं. कापूस हा तर अर्भकाच्या हाडांचा वैरीच. त्याचे तंतू हाडाच्या भुसभुशीत टोकांत अडकतात आणि ओढायला जावं तर टोकच निघून येतं. जुन्या काळी हाड पक्कं व्हावं म्हणून वर पांढरा डिंक किंवा लाख फासलेली असते. तिच्यासकट माप घेतलं तर ते माप हाडाचं राहत नाही. हल्ली अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 वापरतात, ते पुन्हा काढता येतं. तुमच्या संग्रहावर काय फासलंय, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मातीने भरलेला एक कुंभ रिकामा करणं म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण प्रस्ताव लिहिणाऱ्यांना नेमकं तेच माहीत नसतं. काळी माती वाळून दगड झालेली असते. पाणी शिंपडून ती मऊ करावी तर ओलं झालेलं हाड वाळताना तडकतं. मग बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश घेऊन थर थर उतरायचं. लोखंडी हत्यार लावायचं नाही. निघालेली सगळी माती एक मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, आणि चाळणीवर जे उरेल ते भिंगाखाली पुन्हा निवडायचं. तान्ह्या बाळाच्या बोटांची हाडं तांदळाच्या दाण्याएवढी असतात. दुधाच्या दातांची शिखरं तयार होत आलेली असतात, पण मूळ नसतं. तो नुसता एनॅमलचा पातळ तुकडा, खड्यांच्या ढिगात सहज निसटणारा. मधल्या कानातली तीन हाडं जन्माच्या वेळीच मोठ्या माणसाएवढी झालेली असतात, तरी सर्वांत लहान हाड जेमतेम तीन मिलिमीटर. ती मिळाली तर उत्खनन आणि चाळणी दोन्ही चांगली झाली असं समजायचं. नवजात बाळाच्या शरीरात हाडांचे सुटे भाग साधारण 270 ते 300 असतात, मोठ्या माणसात 206 हाडं. म्हणजे एका बाळाचं काम एका माणसापेक्षा कमी नसतं, जास्तच असतं. मला एकेका कुंभाला आठवडा पुरत नव्हता.

आणि एवढं करूनही बाळ पूर्ण मिळेलच असं नाही. उरलेलं बाळ पुष्कळदा प्राण्यांच्या हाडांच्या पिशवीत सापडतं. खणताना घाईत अर्भकाची बरगडी कोंबडीची किंवा कुत्र्याच्या पिल्लाची वाटते आणि पिशवी बदलते. प्राण्यांची हाडं कोणत्या कपाटात आहेत ते मला प्रकल्पप्रमुखांनी सांगितलं नाही, सांगितलं प्रयोगशाळेतल्या मामांनी. अनेक वर्षं चाव्या त्यांच्याकडेच होत्या. "ताई, त्या घराच्या पिशव्या खालच्या फळीवर आहेत. मोठ्या साहेबांनीच ठेवायला लावल्या होत्या," असं म्हणून त्यांनी खुर्ची सरकवली. मामा मुलांचं कपाट जेवायच्या आधी उघडत नसत, पण कुठे काय आहे ते त्यांना पाठ होतं. अशा माणसाशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. लेखी यादीत जे नाही ते त्याच्याकडे असतं.

आता प्रस्तावाबद्दल. रुजू होण्याआधी त्याची प्रत मागा आणि 'उद्दिष्टे' हा भाग शब्द न शब्द वाचा. आमच्या प्रस्तावात एक उद्दिष्ट होतं: मुलामुलींचं प्रमाण काढून बालहत्येची शक्यता तपासणे. वाचायला जोरदार आणि वर्तमानपत्रात छापून येईल असं. पण अर्भकाच्या हाडावरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्राचीन डीएनए किंवा दातांच्या एनॅमलमधली प्रथिनं तपासावी लागतात, आणि त्याचा खर्च आमच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हता.

बालहत्येच्या प्रश्नात मोठमोठे अडकलेत. इस्रायलमधल्या अॅशकेलॉनला रोमन स्नानगृहाखालच्या गटारात शंभरएक अर्भकं सापडली. आधी मुलीच टाकल्या असतील असा अंदाज होता. नंतर डीएनए तपासला तर ज्यांचा निकाल आला त्या 19 पैकी 14 मुलगे निघाले. इंग्लंडमध्ये हॅम्बल्डनजवळच्या येवडन इथल्या रोमन वाड्याच्या आवारात 1912 साली 97 अर्भकं निघाली, त्यांच्याबाबतही बालहत्येचाच संशय. तिथला युक्तिवाद असा: सगळी बाळं साधारण एकाच वयाची, पूर्ण दिवसांची, नैसर्गिक मृत्यू असते तर वयं पसरलेली दिसली असती. यावर दुसऱ्या अभ्यासकांनी बोट ठेवलं की वय काढायच्या पद्धतीतच खोट आहे. ज्या नमुन्यावरून सूत्र बनवलं त्या नमुन्याची वयं निकालात उतरतात आणि सगळी बाळं एका जागी गोळा होतात.

हा वाद आपल्या कामाला थेट लागू पडतो, कारण आपणही तीच सूत्रं वापरतो. फाझेकाश आणि कोशा या दोन हंगेरियन संशोधकांनी 138 गर्भांच्या आणि नवजातांच्या हाडांची मापं घेतली. त्यांच्या तक्त्यात पूर्ण दिवसांच्या बाळाचं मांडीचं हाड सुमारे 74 मिलिमीटर आहे. पण त्या बाळांची वयं मुळात त्यांच्या लांबीवरूनच ठरवली होती. लांबीवरून वय आणि वयावरून पुन्हा लांबी, असा तो फेरा आहे. शिवाय आपल्याकडे आजही नवजात बाळांचं सरासरी वजन युरोपातल्यापेक्षा कमी भरतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनमधल्या, कदाचित अर्धपोटी आईच्या बाळाला हंगेरीची पट्टी लावली की पूर्ण दिवसांचं बाळही अपुऱ्या दिवसांचं ठरू शकतं. म्हणून वय नुसतं हाडावरून देऊ नका, दात मिळाले तर आधी दात बघा. दातांची वाढ कुपोषणाने हाडांइतकी मागे पडत नाही. कवटीच्या तळाचं चौकोनी हाडही बघा. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची रुंदी लांबीपेक्षा वाढते, आणि ते टणक असल्याने टिकतं. अहवालात वय लिहिताना 'इतके आठवडे' असा नेमका आकडा न देता मर्यादा द्या, मग वरिष्ठ कितीही म्हणोत की आलेखात ते बरं दिसत नाही.

आजारांच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा. हाडावर नव्या, सच्छिद्र हाडाचा थर दिसला की स्कर्व्ही किंवा जंतुसंसर्ग लिहायचा मोह होतो. तान्ह्या मुलाचं हाड इतक्या वेगाने वाढत असतं की तसा थर निरोगी बाळातही असतो. एकाच हाडावर दिसलं तर नोंद करा, निदान करू नका.

खरी कसोटी आली ती तपासणीला नमुने पाठवायच्या वेळी. कानामागच्या हाडाचा आतला भाग हे शरीरातलं सर्वांत घट्ट हाड आहे, डीएनए तिथे सर्वांत चांगला टिकतो, म्हणून प्रयोगशाळा बहुधा तोच मागतात. तो दळून पूड करतात. एकदा गेला की गेला. दातांचंही तसंच. जन्माच्या वेळी दुधाच्या दाताच्या एनॅमलमध्ये एक रेषा उमटते, आणि बाळ आठवडाभर तरी जगलं असेल तर ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकते. बाळ जन्मतःच गेलं की काही दिवस जगलं, हे सांगणारा याहून चांगला पुरावा नाही. पण त्यासाठी दात कापावा लागतो. मुदत संपत आली की घाई सुरू होते, आणि कंत्राटी माणसाला सांगितलं जातं, "दोन्ही बाजूंची हाडं पाठवून द्या, एक फेल गेलं तर दुसरं असेल." मी एकच बाजू पाठवली. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, दाताचा साचा, आणि कोणत्या दफनातून काय काढलं याची सही-तारखेची चिठ्ठी ट्रेमध्ये. वरिष्ठ नाराज झाले. तुम्ही असं करणार असाल तर तोंडी वाद घालू नका, ईमेल करा. हाडं देशाबाहेर जाणार असतील तर परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "ते बघू नंतर" हे उत्तर पुरेसं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल असं गृहीत धरू नका. अनुदानाचा हप्ता आला, मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, लेखा विभागाने फाइल सोडली, की मग तुमचा नंबर. दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं गाठीला असेल तरच शहर बदला. ब्रश, काड्या, डब्या कोण आणणार हेही आधी विचारा. लहानसहान खरेदीचं बिल मंजूर व्हायला जितका वेळ लागतो तितक्यात एक कुंभ रिकामा होतो.

घरचे काय म्हणतील, असं मुली हटकून विचारतात. आपल्याकडे तान्ही मुलं गेली तर अजूनही पुष्कळ घरांत दहन न करता पुरतात, त्यामुळे हा विषय कुणालाच परका नसतो. माझी आई आल्या आल्या अंघोळीला पिटाळायची आणि मग आज किती मोठं बाळ होतं ते खोदून खोदून विचारायची. तिला एक मूल गेलं होतं, माझ्या आधीचं. त्यावर आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो. या कामात काही दिवस जड जातात, हे खोटं नाही. सोबतच्या एका मुलीला दिवस राहिले तेव्हा तिने कुंभांचं काम सोडून नोंदींचं घेतलं, आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. असं मागायची सोय असते. मागावं.

शेवटच्या महिन्यात नवं दफन उघडायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. अर्धवट उघडलेलं हाड न उघडलेल्यापेक्षा वाईट. तो महिना ट्रे लावण्यात घालवा. कापूस काढून टाका, प्रत्येक डबीत टिकाऊ कागदावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा (शाई उडते आणि साधा कागद कसर खाते), मापं कोणत्या साधनाने आणि कोणत्या बिंदूपासून घेतली ते लिहून ठेवा. न झालेल्या कामाची वेगळी यादी करा, लाज न बाळगता. नोंदींची एक प्रत विभागाकडे, एक प्रकल्पप्रमुखांकडे. तुमच्याकडे प्रत ठेवायची मुभा आहे का आणि निबंध निघाला तर नाव लेखकांत असेल की आभारांत, हे मात्र तेव्हा विचारून उपयोग नाही, ते पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घ्यायचं. माझं नाव आभारात आलं, आडनाव चुकून. अनुभव प्रमाणपत्रात नुसतं 'प्रकल्प साहाय्यक म्हणून काम केले' एवढंच लिहून देतात. त्यात कालावधी आणि 'अर्भक सांगाड्यांची साफसफाई, ओळख व नोंदणी' हे शब्द घालून घ्या, मसुदा स्वतःच टाइप करून न्या, आणि विभागप्रमुख उन्हाळ्याच्या सुट्टीवर जाण्याआधी त्यावर शिक्का मारून घ्या.