तू कोणाचो रे?

आजचा अभ्यास: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २९

या श्लोकात भगवंत सांगतात, मला सगळे सारखेच. कोणी नावडता नाही, कोणी खास लाडका नाही. आपल्याला हे पाठ असतं. पण आपल्या देवळात पहिल्यांदाच आलेल्या माणसाला हे दिसतं का?

सावंतवाडीकडच्या गावात देवळात अनोळखी चेहरा दिसला की प्रश्न येतोच, "तू कोणाचो रे?" आपल्या कानाला ही माया. कोणाचा नातू, कुठल्या वाडीतला, एवढं कळलं की चहा ठरलेला! पण ज्याचं गावात कोणीच नाही, त्याने काय सांगायचं? त्याला वाटतं, इथे आडनाव बघून आत घेतात.

ही भीती हवेतली नाही. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. आत उभ्या असलेल्या बहुतेकांना तोवर काही खटकत नव्हतं!

म्हणून बाहेरच्यालाच विचारायचं. "कसं वाटलं?" म्हटलं तर तो "छान" म्हणणार. त्यापेक्षा विचारा, "कुठे अडखळलास?" कुठपर्यंत आत जायचं, तीर्थ कसं घ्यायचं, सगळे त्याच्याकडेच का बघत होते... अशी उत्तरं येतील, एखादं टोचेलही. लगेच "आमची पद्धतच तशी" म्हणू नका.

येत्या जत्रेला शहरातल्या मित्राला घेऊन जाताय ना? परतीच्या गाडीत विचारा.